वालाच्या शेजारचा माळ

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं आमच्या सापगावात आजही सगळ्यांना वाटतं. मी बरीच वर्षं समजावून पाहिलं, मग नाद सोडला. लहान विमान तसं पडत नाही. नाक थोडं खाली ठेवून वेग सांभाळला तर ते तरंगत, हळूहळू उतरत राहतं. तीन हजार फुटांवर असाल तर चारेक मिनिटं हातात असतात. तेवढ्यात वारा कुठून येतोय ते बघायचं, उतरायची जागा ठरवायची, इंजिन पुन्हा सुरू होतंय का ते पाहायचं, रेडिओवर कळवायचं. आणि खाली आल्यावर मन बदलायचं नाही.

हे सगळं मला विमान शिकवणाऱ्या सरांनी शिकवलं. गप्पा मारता मारता ते हळूच थ्रॉटल मागे ओढून इंजिनाचा जोर काढून घ्यायचे आणि विचारायचे, "इंजिन गेलं. कुठे उतरणार?" साठीला आले होते, कंबर आधीच कुरकुरत होती. वैद्यकीय तपासणीत नापास झालो की घरी बसून भाजी निवडणार, असं हसून सांगायचे. पण तपासणीच्या आधीचा आठवडाभर त्यांचं कशातच लक्ष नसायचं. त्यांना उडण्याशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. कंबरेला एक दणका बसला की खेळ खलास, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

शहापूर-मुरबाडवर जागा शोधणं सोपं नाही. भातखाचरं वरून सपाट दिसतात, पण दर पंचवीस-तीस पावलांवर बांध. रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा. उंबरमाळीकडे नुसतं जंगल. भातसा धरणाच्या पाण्यात उतरता येतं, पण ते अगदीच नाइलाज झाला तर. त्या धरणावरच माझ्या वडिलांनी सगळी नोकरी काढली, भातसानगरला. तिथं विमान बुडवून त्यांना तोंड कसं दाखवणार, असं मी एकदा म्हटलं तेव्हा सर इतके हसले की उंची राखायची वेळ माझ्यावर आली.

सरावात मी नेहमी मोकळी जमीन निवडायची. शेजारी पिकाचं चांगलं शेत असलं तरी मोकळीच. सरांना वाटायचं, पोरगी विचार करून निवडते. विचार वगैरे काही नव्हता. आमच्या बौद्ध घरात देवापुढे कुणी हात जोडत नाही, पण उभ्या पिकाला पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे ठरलेलं. आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबून घरी पसाभर दाणे आणले. मी सात-आठ वर्षांची असताना चेंडू आणायला कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसले, तेव्हा आईने मला जी झोडपली, ती त्याआधी नाही आणि नंतरही नाही. एवढं माझ्या अंगात होतं. सरांना हे सांगायची मला लाज वाटायची, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

त्या फेब्रुवारीत, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, मुरबाडच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. मी सरांच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होते. या वेळी थ्रॉटल त्यांनी ओढलेलं नव्हतं.

"चालव तू," ते म्हणाले. "रेडिओ मी बघतो."

मी नाक खाली घेतलं. इंधन, ठिणगी देणारे मॅग्नेटो, पुन्हा चावी. काही उपयोग झाला नाही. पंख्याचं एक पातं समोर उभं राहिलं होतं. खाली दोन जागा होत्या. एक लांबलचक शेत, कुणीतरी जेसीबीने बांध मोडून सपाट केलेलं, त्यात गुडघ्याएवढा वाल, हिरवागार, फुलावर. त्याला लागून पिवळ्या गवताचा माळ, तेवढाच लांब. वारा दोन्हीकडे समोरूनच. हिशेबाने वालच बरा होता. नांगरलेली, ओळखीची माती, आणि वेलींनी विमान लवकर थांबलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही ते.

तरी मी माळाकडे वळले.

चाकं टेकली तेव्हा छान टेकली. मला क्षणभर आनंदसुद्धा झाला. मग गवतात लपलेल्या चरात पुढचं चाक गेलं, विमान नाकावर आपटलं आणि सगळं थांबलं. मला खरचटलंही नव्हतं. सर सरळ पुढे बघत होते आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मला हलवू नकोस."

वालाच्या शेतातून एक म्हातारी बाई विळा हातात घेऊन धावत आली. मी मदत आणायला सांगितलं, तिने शेजारच्या पाड्याच्या दिशेने हाका मारल्या. मग विमानाकडे, आपल्या शेताकडे आणि पुन्हा विमानाकडे पाहिलं.

"अगो, माझ्या वालात उतरायचं व्हतं ना," ती म्हणाली. "वाल काय, परत पेरला असता. हितं पानी मुरवाया चर खनलेत. आमी गुरा पन नाय सोडत या माळावर."

मला तिचा राग आला. का ते सांगता येणार नाही, पण आला.

चौकशीत मी लिहिलं: जागा मोकळी, पुरेशी लांब, वाऱ्याला तोंड करून, वरून अडथळा दिसला नाही. एकही शब्द खोटा नव्हता. सरांनी त्याखाली निर्णय योग्य होता असं लिहून सही केली. सहा महिन्यांनी ते तपासणीत नापास झाले, कायमचे.

मी त्यांना भेटायला गेले. कंबरेला पट्टा बांधून ते लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, कारण ते मला बरेच दिवस कुरतडत होतं.

"सर, शेजारचा वाल तुम्हालाही दिसत होता ना?"

"दिसत होता की. मी असतो तर तिथंच उतरलो असतो."

"मग विमान ताब्यात का घेतलं नाहीत?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "अगं, मुलूख तुझा. वाल सोडून तू माळाकडे वळलीस, तेव्हा मला वाटलं, त्या शेतात काहीतरी धोका असणार. तो मला दिसत नसेल, तुला दिसला असेल."

मी कप खाली ठेवला.

"काही धोका नव्हता, सर," मी म्हटलं. "फुलं आली होती."