माझ्या चुकीची बोलणी

पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी मी औरंगाबादेत शाळाखात्याच्या कचेरीत चिकटलो. मास्तरांच्या नोकरीची जुनी बुकं सगळी उर्दूत, आणि हुकूम आला की ती मराठीत उतरवा. मला उर्दूतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या वयस्क मुसलमान कारकुनानं वाचायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. त्यांना सगळे चाचा म्हणत. मला ते 'लेका' म्हणत, आणि त्यांच्या पानाच्या डब्यावर माझा हक्कच होता.

जन्मतारखा निजामाच्या कारभारातल्या फसली सनातल्या. चाचा वाचून दाखवत, इंग्रजी साल मी काढत असे. फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, काही महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव. "हिशेबाचं माझ्यावर सोडा," अशी फुशारकी मीच मारली होती.

फर्दापूरच्या एका मास्तरांना वर्षभर आधीच निवृत्त करून घरी बसवल्याचं उघड झालं, तेव्हा तो हुकूम काढणाऱ्या कारकुनाला साहेबांनी बोलावून झापलं. हा बिडकीनचा, शेतकरी घरातला. मनानं वाईट नव्हता, पण डोकं तापलं की त्याच्या जिभेला हाड नसे. साहेबांच्या खोलीतून निघाला तो थेट चाचांच्या टेबलाशी.

"तुम्हा लोकांचं असंच हाय. निजाम गेला, पण तुमचं मन अजून तिकडंच. मुद्दाम उलटं वाचता न् आमची मान अडकवता."

चाचांनी ते बुक काढलं, पानावर बोट ठेवून वाचलं, शेजारी माझी नोंद बघितली, मग माझ्याकडं बघितलं. त्यांनी बरोबरच वाचलं होतं. वरचा एक मिळवायला मी विसरलो होतो, म्हणून मास्तर कागदावर वर्षानं मोठे झाले होते. मला ते तिथल्या तिथं कळलं. नोकरी कच्ची होती, घरी लग्नाची बहीण होती, ही कारणं मी नंतर जमवली. तेव्हा मी नुसता भ्यालो आणि टाक दौतीत बुडवत राहिलो.

"देखतो मी," एवढंच म्हणून चाचा खाली बसले.

साल दुरुस्त करायचं काम माझ्याकडंच आलं. मास्तर शाळेत परतले. चूक चाचांच्या वाचण्यातच होती असं सगळ्यांनी धरून घेतलं, आणि मी धरू दिलं.

चार दिवसांनी बिडकीनवाला त्यांच्यापाशी गेला. "चाचा, रागात तोंडातून गेलं. लई वंगाळ बोललो." चाचांनी त्याच्यापुढं पानाचा डबा सरकवला.

मला मात्र आठवडा उलटल्यावर ते 'तुम्ही' म्हणू लागले. तारीख वाचली की ती चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून माझ्यापुढं ठेवत. असं आम्ही दीड वर्ष काम केलं. दर चिठ्ठीला मी शरमेनं मेल्यासारखा होई, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि एकदाचं बोललो. "चाचा, ती चूक माझी होती."

"मालूम हाय. बुक माझ्याच समोर होतं की." त्यांनी पिशवी सायकलीला अडकवली. "त्या दिवशी तुम्ही भ्यालात, ते समजलं मला. नवीन नोकरी, माणूस भितो. त्याच्यानंतर आठ दिवस वाट बघितली, की हा पोरगा येईल. मग सोडून दिली."