शेजाऱ्यासाठी लावलेली झाडं

देवाच्या दिव्यासाठी उंडीच्या बिया फोडत बसले होते. रॉकेल रेशनवर, पण देवाला काळोखात कसं ठेवायचं? घाण्यावरून तेल काढून आणते. अर्धी टोपली उरली होती, तोच नरहरी भावजी ओट्यावर येऊन बसले. हे यांचे चुलतभाऊ. भुईगावात आमच्या घरामागेच त्यांची केळींची वाडी.

त्यांच्याविषयी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या बॅप्टिस्टशी त्यांचा हातभर बांधावरून तंटा झाला. बॅप्टिस्टची वाडी पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. त्याच्या केळींना दुपारचं ऊन मिळू नये म्हणून भावजींनी मधल्या बांधावर उंडीच्या झाडांची रांग लावली. संध्या चुकेल, पण त्या रोपांचं पाणी चुकायचं नाही. इतकी माया त्यांनी स्वतःच्या केळींनाही लावली नाही.

यंदा कार्तिकात समुद्रावरून वादळ आलं. भावजींची वाडी सबंध आडवी झाली. उंड्यांच्या आडोशाला बॅप्टिस्टच्या केळी मात्र उभ्याच. दुसऱ्या दिवशी तो केळ्यांचा घड घेऊन आला.

"नरहरीभाऊ, तुमच्या झाडांनी माझं घर राखलं."

"झाडं ती, राखणारच," भावजी जमिनीकडे बघत म्हणाले.

रविवारी फादरांनी प्रवचनात चांगला शेजारी म्हणून त्यांचं नाव घेतलं. हे कानावर आलं तेव्हा भावजी ताटावरून उठून गेले.

आज म्हणाले, "वहिनी, पुन्हा केळी लावायच्या तर आधी पश्चिमेच्या बांधावर उंडी हवी. नाहीतर वाडी विकावी लागेल."

"मग लावा की. झाडांखाली रोपं असतील."

"सगळी त्याच्या बाजूला."

खरंच. भावजींच्या बाजूची बी मीच वेचून आणते दिव्यासाठी. तिकडची पाचोळ्यात रुजते.

"मग मागा. आता तर चर्चमध्येसुद्धा तुमचं नाव आहे."

"तेच तर. एवढं नाव झाल्यावर मागायचं कसं? तुम्ही त्याच्या बायकोशी, ग्रेसीशी बोला. देवासाठी हवीत म्हणा."

"देवाच्या नावावर मी खोटं बोलणार नाही. तुम्हालाच हवीत असं सांगेन."

भावजींनी टोपलीतली एक बी उचलून परत टाकली. मग म्हणाले, "चाळीस तरी आणा."

बिया तशाच राहिल्या आहेत. उद्या पूजा आटोपली की टोपली घेऊन बॅप्टिस्टच्या ग्रेसीकडे उंडीची रोपं मागायला जायचं आहे.