बूट आत ठेवायचे असतात

आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं हे समीरनं ठरवलं होतं. समीर, माझा नवरा, बहारीनमधल्या मीना सलमान या बंदरात जहाजदुरुस्तीचं काम करायचा. ऑगस्टच्या उकाड्यात कामावरून घरी आला की म्हणायचा, "एकदा हाडं गोठेपर्यंत थंडी बघायचीय." गेल्या उन्हाळ्यात तो कामावरच हार्ट अटॅकनं गेला.

त्यानंतर सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सोळा वर्षांची सई उरलो. घरात आम्ही त्याचं नाव घेत नव्हतो. दाराबाहेरच्या रॅकवर त्याच्या चपला तशाच होत्या. रोज दोघी त्यांच्या बाजूनं आत-बाहेर करायचो.

वर्ष व्हायच्या आत सहल करावी का, हे मी सासूबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यानं ठरवलंवतं ना? मग जा. पोरीला कानटोपी घे."

जाणाऱ्यांसाठी सांगते, व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या. आपल्या रेसिडेन्सीची मुदत आधी तपासा. माझी समीरच्या व्हिसावर होती, ती माझ्या ऑफिसच्या नावावर करण्यात बरेच दिवस गेले. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर राहणं बरंच स्वस्त पडतं.

विमानतळावर सोडायला परब आले. समीरला कामावर नेणारे ड्रायव्हर हेच. बॅगा चढवताना म्हणाले, "वहिनी, बर्फात पडूक इतके पैसे? आमच्या गावात चिखलात फुकट पडूक मिळता." सई हसली नाही.

म्युनिकला उतरून ट्रेन, पुढे बस. शेवटचा घाट चढताना खिडकीबाहेर फक्त पांढरं. ऑस्ट्रियातलं ते गाव म्हणजे एक चर्च, एक बेकरी आणि उतरत्या छपरांची लाकडी घरं. एका आजीबाईंच्या घरात वरची खोली घेतली होती. छोटं स्वयंपाकघर होतं, त्यामुळे थालीपिठाची भाजणी कामाला आली. डोंगरावरच्या हॉटेलात जेवण महाग आहे, डबा न्या.

संध्याकाळी भाड्याचे स्की बूट आणले. ते प्लॅस्टिकचे असतात, जड. घरात शिरताना आम्ही ते सवयीनं काढून बाहेर पायरीवर नीट जोडीनं ठेवले. चपला बाहेर ठेवूनच आत जायचं, हे आपल्याकडेही तसंच आणि बहारीनमध्येही.

सकाळी बूट दगड झाले होते. सईनं एक पाय घालायचा प्रयत्न केला आणि पायरीवरच बसली. मी ओढत होते, ती ढकलत होती. आवाजानं आजीबाई बाहेर आल्या, कपाळावर हात मारला. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "बाहेर? रात्रभर? अहो, मग ते तुमचा पाय ओळखणार कसे?" बूट उचलून त्या तळघरात घेऊन गेल्या. तिथे बूट वाळवायला गरम नळ्या होत्या. नळ्यांवर बूट उलटे अडकवले आणि आम्हाला चहा दिला.

वाट बघताना सई एकदम तिच्या नेहमीच्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा वुड हॅव डन द सेम थिंग."

मी कप खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी घरातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"हो. आणि वर मला म्हणाला असता, तूच ठेवलेस."

"अँड ही वुड हॅव आर्ग्यूड विथ द लेडी."

"मराठीतून," मी म्हणाले. सई हसली, मग रडली. आजीबाईंनी बूट फिरवून ठेवले.

त्या दिवशी क्लासला उशिरा पोचलो. लहान मुलांच्या उतारावर मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पडले. सई शिकली. उरलेले दिवस आम्ही समीरबद्दलच बोलत होतो, त्याच्या घोरण्याबद्दलसुद्धा. थंडी हाडांपर्यंत गेली. त्याला आवडली असती.

घरी परतलो तेव्हा बहारीनमध्ये धूळ उठली होती. परबांनी बॅगा वर आणून दिल्या. "पडलात काय?" त्यांनी विचारलं. सई म्हणाली, "मम्मा पडली. खूप." ते तिनं मराठीत सांगितलं.

मी कुलूप काढलं. रॅकवरच्या समीरच्या चपलांवर धुळीचा थर बसला होता. सईनं त्या उचलल्या, एकमेकींवर आपटून धूळ झटकली आणि माझ्याकडे बघितलं.

"आत ठेवू?"

मी दार पूर्ण उघडलं.