मोडेमचा हिरवा दिवा

काल ऑफिसात यूपीएस तापल्याचा वास आला आणि मी मनाने कित्येक वर्षं मागे, अमरावतीच्या सलीमभाईंच्या सायबर कॅफेत जाऊन पोचलो. दहावीआधीच शाळा सोडलेला मी, सगळ्यांसाठी फुकट असलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोडमधली माझी पहिली दुरुस्ती तिच्या चालकांना पाठवत होतो. दुरुस्त्या स्वीकारायची मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती, आणि भारनियमन सुरू झालं.

"मॉनिटर बंद कर, यूपीएसची बॅटरी वाचंल," म्हणत सलीमभाईंनी बाकी गिऱ्हाइकं उठवली.

काळ्या पडद्यापुढे आम्ही हात मांडीवर ठेवून मोडेमचा लुकलुकता दिवा पाहत बसलो. मग तोही विझला.

"पोचलं का, भाई?"

"मले काय इचारून राहिला? दुवा कर."

पोचलं होतं, म्हणून तर आज घरापासून इतक्या लांब ही नोकरी आहे. इथली वीज जात नाही. तरी काही पाठवलं, की हात मांडीवर ठेवून मी मनात भाईंनाच विचारतो.