बावीस कोटी वर्षांचा फरक

धरणगावच्या एका हायस्कुलात द्रौपदाबाईंनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. शिक्षण चौथी, हुद्दा परिचराचा. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बरणीतल्या बेडकावरची धूळ पुसायची. पण तेच धडे एकतीस वर्षं ऐकले तर भिंतीलाही पाठ होतील, आणि बाई भिंतीपेक्षा बऱ्याच हुशार होत्या. एखादे नवे सर शिकवताना चुकले की त्या मागे बेसिनचा नळ जोरात सोडत. सर शहाणे असले तर पुस्तक उघडून बघत.

त्यांचा नवरा नवल जिनिंगमध्ये हमाल होता. दिवसभर कापसाच्या गाठी उचलणाऱ्या या माणसाला वेड होतं मोठमोठ्या आकड्यांचं. गावात सप्ताह बसला की हा पहिल्या ओळीत. कथेकरीबुवा रडवायला लागले की याला जांभया यायच्या, पण युगांची वर्षं सांगायला लागले की हा ताठ बसायचा. कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं, द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. घरी येऊन जेवताना ते सगळं बोटांवर मांडायचा, भाजी निवून जायची.

एका संध्याकाळी त्याने सांगितलं, "ब्रह्मदेवना एक दिवस म्हंजे चारशे बत्तीस कोटी वरीस."

द्रौपदाबाईंनी त्याच दुपारी नववीचा तास ऐकला होता. त्या म्हणाल्या, "आमना सर सांगतस, पृथ्वीले चारशे चोपन्न कोटी वरीस व्हई ग्यात."

नवलने कांदा फोडला, थोडा विचार केला. "बावीस कोटीनाच फरक शे. पंचांगवालासमा बी इतला फरक ऱ्हास."

त्या दिवसापासून ताटावर बसलं की हेच. ती शाळेतून एक गोष्ट आणायची, तो पुराणातून दुसरी काढायचा. फार वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, असं तिने सांगितलं, तर त्याने राजाची गोष्ट सांगितली. राजा मुलीचं लग्न विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथे गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, आणि खाली परत आला तर सत्तावीस वेळा चारी युगं उलटून गेलेली. ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. "म्हंजे गया तो जवान, अन घर बठेल ती म्हातारी," असा बाईंनी निकाल दिला, आणि दोघं पोट धरून हसली. त्यांची छोटी लेक स्नेहल ताटावर बसून दोघांकडे बघायची. या घरात दागिने नव्हते, सहली नव्हत्या, पण अशी जेवणं होती, आणि बाईंना आजही आठवण येते ती त्या जेवणांची.

बारा वर्षांपूर्वीच्या चैत्रात नवल नशिराबादला बहिणीकडे जाऊन येतो म्हणून निघाला. बहिणीकडे पोचला, जेवला, दुपारी फाट्यावर गाडी पकडायला गेला आणि तिथून पुढे कोणालाच दिसला नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने धुंडाळले, स्टँडवर फोटो लागले आणि उन्हाने पांढरे पडले. काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

बाईंना तगवलं ते नवलच्याच एका आकड्याने. माणसाचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, असं तो सांगायचा. त्या तसंच मोजायला लागल्या. तीन वर्षं झाली म्हणजे तीन दिवस. पाहुणा गेलेला माणूस तीन दिवस राहतोच की. पाच वर्षं झाली, पाच दिवस. आठवड्याची कोणी एवढी काळजी करतं का? लोक हळहळायला आले की बाईच त्यांना चहा पाजून धीर द्यायच्या. लोकांना वाटायचं, बाई काळजाने दगड आहे. खरं तर त्या रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची थापत. त्यांना एकच धास्ती होती. त्या राजासारखा तो आपल्या मते जरासा उशीर करून परत यायचा, आणि तोवर आपणच नसलो तर?

यंदा स्नेहल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. ती आता जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. आदल्या दिवशी चिंधा आला, नवलचा धाकटा भाऊ. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. चिंधाने कुंभाराकडून दोन घागरी आणल्या होत्या. एक आईबापांची. दुसरी त्याने बोलून न दाखवता ओसरीवर ठेवली, पण ती कोणाची ते बाईंना कळलं.

"जित्ता मानूसनी घागर भरतस का कोनी, चिंधाभाऊ?"

चिंधा खाली बघत म्हणाला, "वहिनी, बारा वरीस व्हई ग्यात. शास्त्रमा बारा वरीसच वाट पाहाले सांगेल शे. तो नही व्हई, तर बारा वरीसपाईन त्याले पानी नही."

बारा वर्षं. बाईंनी सवयीने मनात दिवस केले. बारा दिवस! बाराव्या दिवशी गेलेल्याला पितरांत मिळवतात, ते कोणाला सांगायला नको. इतकी वर्षं ज्या हिशोबाने त्यांना जगवलं, त्यानेच आज चिंधाची बाजू घेतली. नवलवर त्या मनातून एवढ्या कधीच रागावल्या नव्हत्या. असले आकडे शिकवून जायचं होतंच कशाला?

रात्रीचं आवरताना त्यांनी लेकीला विचारलं, "तुना विज्ञानमा काही शे का? मानूस शे का नही, ते कसं समजस?"

"दगडाचं वय सांगता येतं माय," स्नेहल म्हणाली. "माणूस कुठे आहे ते नाही सांगता येत." मग जवळ बसून म्हणाली, "तुझ्या मनात नसेल तर नको भरूस. चिंधाकाकांना मी सांगते."

बाईंनी उरलेली भाकरी झाकून ठेवली. "मना आशानापायी त्यासले पानीबिगर ठेवू का?" एवढंच म्हणाल्या. कुंकवाचा विषय स्नेहलने काढला नाही, दुसऱ्या दिवशी चिंधानेही काढला नाही. तेवढी समज दोघांना होती.

आखाजीच्या सकाळी दोन्ही घागरी भरल्या. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आंबे ठेवले. समोरच्या निंबाला झोका बांधला होता आणि माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. बाई उंबऱ्याशी बसल्या. इथे कुंकवाचं एकेक बोट टेकवत गेलेल्यांची नावं घ्यायची असतात. एरवी सून सासऱ्याचं नाव घेत नाही, पण या दिवशी घ्यावंच लागतं. नाव घेतलं नाही तर पाणी पोचत नाही म्हणतात. बाईंनी सासऱ्यासाठी बोट टेकवलं, "वना." सासूसाठी पुन्हा टेकवलं, "यशोदाबाई." दोन्ही नावं त्यांनी हलक्या आवाजात घेतली.

तिसऱ्यांदा बोट कुंकवात बुडवलं आणि हात तसाच थांबला. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याच्या वेळी लाजून पळाल्या होत्या, आणि पुढे सगळा जन्म 'स्नेहलना बाप' असंच चाललं. जेवायला बोलवायचं तरी 'ओ, ऐकतस का' म्हणायच्या. ते नाव आता पहिल्यांदा घ्यायचं, आणि घ्यायचं ते इथे.

"वहिनी, मी लेस नाव," चिंधा म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "नवल."

ते हलक्या आवाजात निघालंच नाही. गल्लीच्या पार टोकाला गेलेल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं मोठ्याने, लांबवून निघालं. झोक्यावरचं गाणं थांबलं. स्नेहलने दाराबाहेर बघितलं. इतकी खात्री असलेला चिंधाही वळून रस्त्याकडे बघायला लागला.

सगळे तसेच बघत राहिले. कोणी आलं नाही, तेव्हा द्रौपदाबाईंनी बोट उंबऱ्यावर टेकवलं.