ताईचे केस आणि गोंदाची बाटली

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं आणि उडवलं, कारण मावशी वाचेल आणि म्हणेल, कशाला गं चारचौघांत. पण राहवत नाहीये, म्हणून मन बदलायच्या आत लिहून टाकते.

मावशी एका दुकानात विग बनवते. बारीक जाळीवर हुकाने एकेक केस गाठ मारून बसवायचा, मानेचा पार भुगा होईपर्यंत. तिच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, केस कमरेपर्यंत होते. औषधांनी ते गळणार हे कळल्यावर ताईने आधीच वेणी कापली आणि भेटायला गेलेल्या मावशीच्या हातात दिली. "टाकून दे, मला बघवत नाही." मावशीने टाकली नाही. घरी आणून गुपचूप त्याच केसांचा विग करायला घेतला.

मग ताईचे फोन सुरू झाले. "कधी येतेस?"

"येते गं, जरा काम अडकलंय."

"तुझं काम म्हणजे मारुतीचं शेपूट."

काम खरंच संपत आलं होतं, पण कानामागची ओळ मावशीच्या मनासारखी बसेना. तिने ती उसवली, परत विणली, परत उसवली. आणि मग भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला, आवाज एकदम खाली. "डॉक्टरांनी हात टेकलेत. आता निघाच."

एरवी आगगाडीने जाणारी मावशी पहिल्यांदाच विमानात बसली. विगचा डबा मांडीवर. डब्यातच कपाळाशी विग चिकटवायच्या गोंदाची छोटी बाटली, अर्धी भरलेली. दुकानातली सवयच ती: ब्रश बुडवला की गोंद ओसंडू नये म्हणून बाटली कधी गच्च भरायची नाही. झाकण मात्र तिने जीव खाऊन आवळलं होतं. सगळा प्रवास तिने डबा हातातून सोडला नाही.

ताईच्या घरी पोचल्यावर तिने आधी न्हाणीघरात जाऊन डबा उघडला. गोंद सगळा बाहेर आला होता आणि केसांत वाळून दगड झाला होता. ती तशीच ओल्या फरशीवर बसली.

भाऊजींनी दारातून पाहिलं. "अर्धी होती का बाटली? विमान वर गेलं की आत हवेचा दाब कमी होतो, मग बाटलीतली हवा फुगते आणि असेल ते बाहेर ढकलते. माझा शाम्पू एकदा असाच सगळ्या शर्टांवर."

"आमच्या दुकानात बाटली गच्च भरली तर मालकीण ओरडते हो," मावशी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आतून ताईचा बारीक आवाज. "काय कुजबुज चाललीय? मी अजून आहे."

लपवणार कुठे. मावशी तो गोळा घेऊन गेली.

"हे काय, मेलेलं मांजर?" ताईने हात लावला. बोटं एका सुट्या बटेवर थांबली. आपले केस तिने ओळखले. मग म्हणाली, "म्हणजे हे करत बसली होतीस? मला वाटलं, माझं हे असं डोकं तुला बघवत नाही म्हणून टाळतेयस."



मग मावशी वेड्यासारखी कोमट पाण्यात विग बुडवून फणी घेऊन बसली. गोंद सुटेना, केसच मुठीमुठीने हातात येत होते. ताई पलंगावरून म्हणत राहिली, "सोड गं ते. इकडे ये." ही म्हणत राहिली, "झालंच, एवढी बाजू." जाळी मधोमध फाटली तेव्हा तिने फणी खाली ठेवली. मागे वळून पाहिलं तर ताईचा डोळा लागला होता.

ती झोप नव्हती. त्यानंतर जाईपर्यंत ताई पुन्हा शुद्धीवर आली नाही. मावशी तिचा हात धरून बसली, पण धरलेला हात ताईला कळला की नाही, कोण सांगणार.

आता मावशी दुकानात जाते, हुक उचलते आणि तशीच बसून राहते. मालकीणही आता ओरडत नाही.

तुमची कोणी वाट बघत असेल तर प्लीज जा. काही घेऊन जायचं राहिलं असेल तर राहू दे. कॉलेज बुडवा, रजा टाका, याच आठवड्यात जा, आणि गेल्यावर त्या माणसाजवळ बसा.