साडूची काळीशार ज्वारी

"दाजींची जवारी यंदा लय काळीशार, हिरवीगर्द आलीय म्हणं," बायको भाकरी थापता थापता बोलली आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू गणपतराव, मुक्काम चुडावा. मी परभणीच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवतो. गावाबाहेर चार एकर रान आहे, त्यातली ज्वारी कावीळ झाल्यासारखी पिवळी. आणि चौथीत शाळा सोडलेला माणूस मला मागं टाकतो म्हणजे काय! रविवारीच निघालो.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची गाडी बरी. निजामी सिक्के घरीच ठेवा, तिकिटाच्या खिडकीवर आता घेत नाहीत. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. तिथली भजी गरम मिळतात, चहा मात्र पाणचट. चुडाव्याला उतरल्यावर वहाणा हातात घ्या. मी घेतल्या नाहीत, एक चिखलानं ठेवून घेतली.

गणपतराव बांधावरच उभे. "या मास्तर, या!"

ज्वारी बघितली आणि तडक आत शिरलो. नत्र कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. दरवर्षी मी हे फळ्यावर काढतो. एक तरी पिवळं पान सापडावं म्हणून वाकून वाकून बघितलं. मेलं, बुडाचं पानसुद्धा हिरवंगार!

"सल्फेट खत घातलं का?" मी विचारलं.

"कायचं सल्फेट! उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या. आठ दिवस मुक्काम हुता. लेंड्या, मूत, समदं रानातच."

बांधाकडेला मेंढ्या चारणारी धनगराची बाई माझ्याकडं निरखून बघत होती. "हे परभणीचे मास्तर नव्हं? आमी आधी तुमच्याच रानात आलो हुतो की! मेंढ्या रान तुडवायल्यात म्हणून तुमी काठी घेऊन हाकललं."

खरं होतं. खुरांनी माती दबते असं मी वाचलं होतं. मेंढीच्या मुतात नत्र असतं हेही वाचलं होतं, नव्हे, शिकवलंही होतं. पण दारात चालून आलेलं नत्र मला ओळखू आलं नाही.

गणपतराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "येत्या उन्हाळ्यात आमची पाळी तुमी घ्या. मी मेंढ्या तुमच्याकडं लावून देतो."

"नको, नको. माझं मी बघतो," मी फटकन बोललो. मेव्हणीनं केलेली अंबाडीची भाजी झकास होती, तीही कशीबशी गिळली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "रानात काय करतात हो दाजी?" लपवायचं ठरवलं होतं, पण काठीसकट सगळं सांगून बसलो.

ती उठली. मग कोरं पोस्टकार्ड माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "तुमी लिहिता का मी लिहू?"

'गणपतराव, मेंढ्या पाठवा.' एवढं लिहायला मला अख्खी दुपार लागली. कार्ड पेटीत टाकून आलो. आणि खरं सांगतो, त्यांची ज्वारी तेव्हाही माझ्या डोळ्यांत सलतच होती.